एका परंतुची परवानगी

आमच्या विद्यापीठात जे संशोधन एकतीस मार्चच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लोकांना समजत नाही, ते एक एप्रिलपासून खरं राहत नाही.

नियम जुना आहे आणि त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. भूगोलाच्या एका सरांनी भैरोबाची टेकडी सरकारी नोंदीपेक्षा अकरा मीटर उंच असल्याचं सिद्ध केलं होतं. त्यांचा निबंध परदेशात तीन ठिकाणी छापून आला, पण टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. एक एप्रिलला टेकडी अकरा मीटर खाली बसली. देवळाच्या काही पायऱ्या जास्त झाल्या, त्या गावकऱ्यांनी काढून शाळेच्या ओट्याला लावल्या. इतिहासाच्या एका बाईंनी खंडेराव नावाचा सरदार चौसष्टाव्या नव्हे तर एकाहत्तराव्या वर्षी वारला, हे कागदपत्रांनिशी दाखवलं होतं. तेही मुदतीत कुणाला समजलं नाही. त्या वरच्या सात वर्षांत खंडेरावानं एक तळं खोदलं होतं. आता तिथं बाभळी आहेत.

नियमाचा दुसरा भाग प्राध्यापक हमखास विसरतात. लोकांना जे समजतं ते खरं राहतं. सांगणाऱ्याला काय म्हणायचं होतं याला कुणी विचारत नाही. गाणी लावली तर कोंबड्या किंचित जास्त अंडी देतात, असा शोध कृषी विभागानं लावला होता. लोकांना त्यातून एवढंच समजलं की कोंबड्यांना गाण्यातलं कळतं. तेव्हापासून आमच्या भागातल्या कोंबड्या बेसूर गाणं लागलं की खुराड्यात जात नाहीत, आणि अंडी पूर्वी होती तेवढीच आहेत.

असले प्रकार वाढल्यावर विद्यापीठानं मला नेमलं. मी सव्वीस वर्षं नभोवाणीवर हवामान वाचलं आहे. ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरी’ हे मी असं म्हणायचो की ऐकणारे उठून वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे. निवृत्तीनंतर मला ‘माध्यम-कौशल्य प्रशिक्षक, श्री. सोनटक्के’ अशी पाटी लावलेली खोली मिळाली. खोली आधी प्राणिशास्त्राची होती. कपाटावर बरणीत एक बेडूक अजून आहे. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडं प्राध्यापक येतात आणि मी त्यांना माणसांशी बोलायला शिकवतो.

पद्धत सोपी आहे. दाराशी पत्र्याची पेटी आहे. आत येण्याआधी प्राध्यापकांनी आपले सगळे परंतु, तथापि, किंबहुना आणि जर-तर तिच्यात जमा करायचे आणि पावती घ्यायची. प्रशिक्षण संपेपर्यंत ते परत मिळत नाहीत. समाजशास्त्राचे एक सर दोन तथापि मोज्यात लपवून आत आले होते. पहिल्याच वाक्यात एक बाहेर पडला आणि बिचारे फार ओशाळले. पेटी झाली की मी सगळ्यांना एसटीच्या थांब्यावर नेतो. तिथल्या कुठल्याही माणसाला, त्याची गाडी येईपर्यंत, आपण काय शोधलं ते सांगायचं. गाडी आली की थांबायचं. आमच्याकडं गाडी उशिरा येते, त्यामुळं तेवढी सवलत आपोआप मिळते.

परीक्षा एकतीस मार्चला. त्या दिवशी आकलन निरीक्षक हेर्लेकर येतात आणि मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून पाच पंच काढतात. संशोधकानं बोलायचं, पंचांनी ऐकायचं आणि काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. हेर्लेकर ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतात. तिघांनी सही केली की पंचनामा पुरा झाला आणि शोध कायमचा टिकला. पंचनाम्याच्या कागदावर तीन चौकटी असतात: ‘समजले’, ‘समजले नाही’ आणि ‘आधीच ठाऊक होते’. सगळ्यात वाईट तिसरी. तिच्यावर खूण झाली की शोध त्या पंचाच्या नावावर आणि त्याच्या शब्दांत चढतो. रडणारं मूल उचलून घेतलं की गप्प होतं, हा मानसशास्त्र विभागाचा सहा वर्षांचा शोध आज आमच्या शेजारच्या आजींच्या नावावर आहे. त्यांना परिषदांची बोलावणी येतात, आणि त्या जातातही.

यंदा चार मार्चला गणिताच्या डॉ. निर्मला वायदंडे माझ्याकडं आल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या अट घातल्याशिवाय एकही वाक्य बोलल्या नव्हत्या, अशी त्यांची ख्याती होती. मी चहा घेणार का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, चहा आधीच केलेला असेल तर घेता येईल. पेटीत जमा करायला त्यांना पाऊण तास लागला. पावतीवर चारशे बारा आकडा आहे. मी स्वतः मोजले. त्यांच्यानंतर रांगेत उभे असलेले दोघं कंटाळून निघून गेले.

त्यांचा शोध गाठींविषयी होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तो लावला आणि जगात तो तिघांना समजला. त्यातले एक वारले, दुसऱ्यांना आता आठवत नाही, आणि तिसऱ्या त्या स्वतः. दर वर्षी विभाग मुदतवाढ मागायचा आणि दर वर्षी ती मिळायची. यंदा मुदतवाढीची सोयच बंद झाली.

मी म्हटलं, मॅडम, एका वाक्यात सांगा. त्यांनी पिशवीतून दोराचं एक कडं काढून टेबलावर ठेवलं. घायपाताचा दोर, जुना, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. मधोमध तिहेरी गाठ होती आणि दोराची दोन्ही टोकं एकमेकांत अशी वळली होती की जोड कुठं आहे ते दिसत नव्हतं. माझे वडील दोर वळायचे, त्या म्हणाल्या. माण तालुक्यातल्या सगळ्या बैलांचे कासरे आणि विहिरींचे नाडे त्यांच्या हातचे. मॅडम मॅट्रिक झाल्या त्या दिवशी अण्णांनी हे कडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, न कापता सोडवून दाखव. त्यांनी आठ दिवस खटपट केली आणि नवव्या दिवशी सांगितलं, ही सुटत नाही.

“मग अण्णा म्हणाले, का सुटत न्हाई, त्ये सांग,” मॅडम म्हणाल्या. “ते सांगायला मला सोळा वर्षं लागली. अकरा पानं झाली. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून सगळी वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, चांगलं हाय, पर मला कळलं न्हाई.”

त्यानंतर आठवड्यानं अण्णा गेले. मी कड्याकडं बघत बसलो. शोध रद्द झाला की ज्या ज्या गाठीला टोक उरलेलं नाही ती ती आपोआप सुटायला मोकळी होणार होती. जाळी, दोरीच्या बाजा, विणलेले स्वेटर, सगळं त्यात आलं. हेर्लेकरांनी संभाव्य नुकसानीची यादी करून आधीच पाठवली होती. पण मॅडमच्या डोळ्यांपुढं यादी नव्हती, हे एक कडं होतं.

मी कामाला लागलो. सांगायला लाज वाटते, पण पुढं जे झालं ते माझ्यामुळंच. दोन आठवडे मी त्यांची वाक्यं छाटत होतो. ‘दोराची दोन्ही टोकं परस्परांत जोडलेली असतील, तर त्यावरची विशिष्ट प्रकारची गाठ न कापता सोडवता येत नाही’ हे वाक्य त्या थांब्यावर रोज म्हणायच्या आणि माणसं तोंड फिरवायची. मी आधी ‘विशिष्ट प्रकारची’ काढलं. मग ‘न कापता’. अठरा मार्चला एका वर्तमानपत्राचा वार्ताहर येणार होता, त्या सकाळी मी पेटीतून निसटलेलं ‘टोकं जोडलेली असतील तर’ हेही काढायला लावलं. वार्ताहरासमोर मॅडमनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, गाठ सुटत नाही. मी टाळ्या वाजवल्या.

एकोणीस तारखेला पहिल्या पानावर मथळा आला, ‘गाठ सुटत नाही, प्राध्यापिकेचा शोध’. सकाळी सात वाजल्यापासून विद्यापीठाच्या तिन्ही जिल्ह्यांत एकही गाठ सुटेना. बैल दावणीला तसेच राहिले. मला स्वतःला लेंग्याच्या नाडीपायी कात्री शोधावी लागली. आदल्या संध्याकाळी लग्न लागलेल्या एका जोडप्याच्या शेल्याची आणि शालूची गाठ सुटेना. कात्री लावू नका, असं दोन्हीकडच्या थोरांनी बजावलं. नवरा तलाठी होता. तो सजाच्या कचेरीत कामाला गेला तेव्हा नवरीही गेली आणि सातबाऱ्याचे उतारे तिनं फार नीट लावून दिले, असं पुढं कानावर आलं.

पंचनाम्याविना झालेलं आकलन कच्चं असतं, ते खुलाशानं पुसता येतं. खुलासा बावीस तारखेला सातव्या पानावर चार ओळींत आला. ज्यांनी सातवं पान वाचलं त्यांच्या गाठी लगेच सुटल्या. बाकीच्यांना कुणीतरी वाचून दाखवावा लागला. त्या जोडप्याच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हतं, त्यांची गाठ पंचवीसला सुटली. तोवर त्यांना तिची सवय झाली होती म्हणतात.

मॅडम माझ्या खोलीत आल्या तेव्हा त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, बरणीतल्या बेडकाकडं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “सर, माझं एक जर परत द्या. आणि एक परंतु.”

‘जर’ मी लगेच दिलं. चूक माझी होती, तेवढं मला कळतं. पण परंतु द्यायला मी तयार नव्हतो. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, ऐकणारा परंतुपाशी उठून पाणी प्यायला जातो आणि परत येत नाही. कसला परंतु आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या शोधाला एक मर्यादा आहे आणि ती न सांगता शोध सांगणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मर्यादा कुणी विचारली आहे का? त्या म्हणाल्या, अण्णांनी विचारली असती.

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्या म्हणाल्या की वापरणार नाही, नुसता जवळ ठेवेन. मी एका अर्जावर त्यांची सही घेतली, ‘एक परंतु, जवळ बाळगण्यापुरता’ असा शेरा मारला आणि पेटीतून काढून दिला. त्यांनी तो रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

एकतीस मार्चला दुपारी चिठ्ठ्या पडल्या. पाच पंचांत एक मल्लखांब शिकवणारे गुरुजी होते, एक शिवणकाम करणारी मुलगी, एक निवृत्त पोस्टमन, टेम्पो चालवणारे जब्बार शिकलगार आणि जुन्या मंडईत फुलं विकणाऱ्या शालनताई गुरव. शालनताईंनी निरोप पाठवला की लगीनसराई आहे, हार अर्धे आहेत, गाळा सोडून यायला जमणार नाही. नियमात पंचांनी कुठं बसावं हे लिहिलेलं नाही. त्यामुळं हेर्लेकर, बाकीचे चार पंच, नभोवाणीची गाडी, मॅडम आणि मी, सगळे शालनताईंच्या गाळ्यासमोर गेलो. झेंडूच्या दोन पाट्या सरकवून हेर्लेकरांच्या कागदांना जागा केली. चार वाजले होते. आवाज तिन्ही जिल्ह्यांत जाणार होता.

मॅडमनी कडं पिशवीतून काढून वर धरलं आणि बोलायला लागल्या. थांब्यावरचे दोन आठवडे फुकट गेले नव्हते. दोराची टोकं मोकळी असतील तर गाठ सुटते, ते तुम्ही रोज करता, त्या म्हणाल्या. टोकं एकमेकांत वळून टाकली तर ही गाठ सुटत नाही. ओढा, ढिली करा, उलटी करा, वर्षभर बसा. सुटणार नाही. वाक्यं छोटी होती आणि प्रत्येक वाक्य जागेवर पडत होतं. शिवणकामवाल्या मुलीनं कडं हातात घेऊन खटपट करून बघितली आणि गुरुजींकडं दिलं. मला आत कुठंतरी बरं वाटायला लागलं.

हेर्लेकरांनी पहिल्यांदा जब्बारभाईंना विचारलं. ते ताडपत्री बांधून बांधून हाताला घट्टे पडलेले गृहस्थ. त्यांनी कडं फिरवून बघितलं आणि म्हणाले, गाठ सुटत न्हाई, यात नवीन काय हाय, मला आधीच ठाऊक होतं. हेर्लेकरांची लेखणी तिसऱ्या चौकटीकडं गेली. गुरुजीही मान हलवायला लागले, की मल्लखांबाच्या दोराचंही तसंच आहे, ठाऊकच आहे. पोस्टमनसाहेब आजूबाजूला बघून कुणाची बाजू घ्यावी याचा विचार करत होते. जब्बारभाईंच्या शब्दांत शोध चढला असता, तर एकोणीस मार्चची सकाळ कायमची झाली असती.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या जब्बारभाईंच्या समोर एका उपड्या पाटीवर बसल्या आणि विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक?

जब्बारभाई म्हणाले, “आजवर कदी सुटली न्हाई, मॅडम. तीस वर्षं बांधतोय.”

“माझे वडीलही तेच म्हणायचे,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी पन्नास वर्षं बांधल्या. पण आजवर सुटली नाही आणि सुटूच शकत नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. तुम्ही जेवढ्या वेळा बांधली तेवढ्या वेळा बघितलंत. उद्या कुणीतरी हुशार माणूस येईल आणि सोडवेल, अशी धाकधूक राहतेच की नाही? मी न बांधलेल्या गाठी पण बघितल्या. अजून जन्माला न आलेल्या माणसानं सोडवायला घेतली तर काय होईल, तेही बघितलं. तो कसाही ओढो, एक गोष्ट कड्यात आहे तशीच राहते, आणि साध्या कड्यात ती नसते. म्हणून कुणालाच येणार नाही. धाकधूक गेली. तेवढंच मी केलं.”

जब्बारभाईंनी कडं पुन्हा हातात घेतलं.

“म्हंजे मला म्हायती होतं,” ते सावकाश म्हणाले, “आनी तुमी खात्री दिली. ह्ये मला न्हवतं ठाऊक.”

हेर्लेकरांनी लेखणी पहिल्या चौकटीवर आणली. गुरुजींनी, पोस्टमनसाहेबांनी आणि त्या मुलीनं आपापल्या शब्दांत सांगितलं आणि तिघांनीही नीट सांगितलं. चार पंच झाले, घड्याळात पाचला वीस मिनिटं होती, सह्या तेवढ्या बाकी होत्या, शोध टिकल्यात जमा होता. मी नभोवाणीच्या माणसाला आटोपतं घ्यायची खूण केली. आणि तेवढ्यात मॅडमनी पर्स उघडून रुमालाची गाठ सोडली.

“परंतु,” त्या म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. तिन्ही जिल्ह्यांत माणसं पाणी प्यायला उठलेली मला दिसली.

मॅडम सांगत राहिल्या. आपल्याला पुढं-मागं जाता येतं, डावीकडं-उजवीकडं जाता येतं, वर-खाली जाता येतं. एवढ्या तीनच वाटा आहेत, म्हणून गाठ सुटत नाही. आणखी एक वाट असती, या तिन्हींपेक्षा वेगळी, तर दोर जिथं दोराला अडतो तिथं बाजूनं निघून गेला असता, आणि जगातली कुठलीही गाठ न कापता सुटली असती. तशी वाट आपल्याकडं नाही, पण माझ्या शोधाची मर्यादा ही आहे आणि ती सांगणं माझं काम आहे. एवढं बोलून त्यांनी रुमालाची घडी केली. चेहऱ्यावर समाधान होतं. परवानगी जवळ बाळगण्यापुरती होती, हे मी त्या वेळी बोललो नाही, आणि आता बोलण्यात अर्थ नाही.

शालनताई इतका वेळ मान खाली घालून हार करत होत्या. मोगऱ्याची कळी, दोऱ्याचा फेर, गाठ, पुन्हा कळी. त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं, त्यामुळं त्या ऐकत नाहीत असंच मला वाटलं होतं. हेर्लेकरांनी पाचव्या पंच म्हणून त्यांना विचारलं, काय समजलं. त्यांनी चालू गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

“गाठ सुटंना म्हंजे गाठीचा दोष न्हाई,” त्या म्हणाल्या. “सोडवनाऱ्याचा बी न्हाई. जागा कमी पडती. आनी एक बाजू मोकळी असली की कसलीबी गाठ सुटती. ती बाजू असनार कुटंतरी. आपन बगितली न्हाई, एवढंच.”

मॅडम काही म्हणणार होत्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नियम असा आहे की पंच बोलत असताना संशोधकानं दुरुस्ती करायची नसते. हेर्लेकरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला आणि शालनताईंनी ओल्या हातानं सही केली. मग जब्बारभाईंनी वरचा मजकूर वाचला आणि ‘वरील पंचांशी सहमत’ असं लिहून सही केली. बाकीच्या तिघांनीही तसंच केलं. पाचला आठ मिनिटं होती. आमच्या विद्यापीठात पाचही पंचांची एकमतानं सही झाल्याचं कुणाला आठवत नाही. मंडईतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळवाल्यानं एक नारळ फोडला आणि शालनताईंनी मॅडमच्या अंबाड्यात गजरा माळला. मॅडमना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही आलं.

एक एप्रिलला सकाळी सगळ्या गाठी होत्या तशा होत्या. टोकं असलेल्या सुटत होत्या, टोकं नसलेल्या सुटत नव्हत्या. आणि शालनताईंच्या गाळ्याजवळ, नारळवाल्याच्या पोत्यांच्या आणि नगरपालिकेच्या नळाच्या मध्ये, चौथी बाजू होती. ती पुढं नाही, मागं नाही, डावी-उजवी नाही आणि वर-खालीही नाही. सकाळी पाट्या लावताना शालनताईंचा हात तिच्यात गेला तेव्हा कळलं. रुंदीला हात-दीड हात आहे. अतिक्रमण विभागाची माणसं येऊन गेली, पण ती बाजू नकाशात दाखवायला कागदावर जागा मिळेना, म्हणून त्यांनी ‘अतिक्रमण आढळले नाही’ असा अहवाल दिला. शालनताई तिच्यात झेंडूच्या जादा पाट्या ठेवतात. फुलं तिथं कोमेजत नाहीत असं नाही, पण पायात येत नाहीत.

आता रोज लोक येतात. गुंतलेल्या साखळ्या, पतंगाचा मांजा, लोकरीचे गुंडे, जुन्या वायरी घेऊन रांगेत उभे राहतात, हात आत घालतात आणि मोकळं करून घेऊन जातात. जब्बारभाई एकदा उत्सुकतेपोटी अख्खेच आत जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता. मॅडमनी सांगितलं की तिकडून उलटं वळून आलं की आरशातल्यासारखं होणारच, पुन्हा एकदा जाऊन या. तोवर त्यांनी लायसन्सवरचा फोटो बदलून घेतला होता, त्यामुळं राहू दे म्हणाले.

दहा एप्रिलला मी मॅडमना पेटीतला ऐवज परत केला. दोन खर्ची पडले होते, चारशे दहा दिले. पावती घेताना त्या म्हणाल्या, जर वेळ असेल तर मंडईत येता का. तेवढ्यात त्यांनी एक जर वापरलंसुद्धा.

दुपारची वेळ होती आणि रांग नव्हती. मॅडमनी पिशवीतून अण्णांचं कडं काढलं. दोन्ही हात चौथ्या बाजूत घातले. काही ओढावं लागलं नाही. हात बाहेर आले तेव्हा त्यांच्यात साधं गोल कडं होतं, कुठंही कापलेलं नाही, गाठ पडल्याच्या जागी दोर जरा दबलेला. इतकी वर्षं न सुटलेली गाठ एवढ्यात सुटली. मॅडम कड्याकडं बघत उभ्या राहिल्या.

“अण्णा, सुटली,” त्या म्हणाल्या. “का सुटत नव्हती, ते पण सांगितलं. यांना कळलं.”

शालनताईंनी त्यांना बसायला पाट दिला आणि आता काय करणार म्हणून विचारलं.

“आता परत घालते,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी घातली होती तशी.”

सोडवण्यापेक्षा घालायला जास्त वेळ लागला. त्या हात आत घालायच्या, बाहेर काढून बघायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा घालायच्या. दोनदा गाठ उलटी पडली. तेवढ्या वेळात शालनताईंचे तीन हार झाले आणि मी नारळवाल्याशी हवामानावर बोललो. चौथ्या हाराच्या मध्यावर मॅडम म्हणाल्या, झाली. तिहेरी गाठ मधोमध बसली होती आणि जोड दिसत नव्हता. आम्ही तिघांनी आळीपाळीनं ओढून बघितली. सुटली नाही.